सत्याचे गाव

'सत्या' १९९८ च्या जुलैत प्रदर्शित झाला. तो नांदेडला आला तेव्हा आम्ही पदवीच्या वर्गात होतो आणि एका भाड्याच्या खोलीत तिघे राहत होतो. आज आमच्यापैकी एक नांदेडला शिकवतो, दुसरा लातूरला. तिसऱ्याविषयी पुढे येईलच.

रामगोपाल वर्मांच्या या चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सौरभ शुक्ला व अनुराग कश्यप यांचे लेखन, मनोज बाजपेयीला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार, टोळीयुद्धाचे वास्तव चित्रण इत्यादी. मराठवाड्यात बसून पाहणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो : या सत्याचे गाव कोणते?

चित्रपट ते सांगत नाही. त्याला आडनावही नाही. मुंबईत आल्यावर तो गुरांच्या गोठ्यात राहतो, बारमध्ये काम करतो, खोट्या आरोपाखाली तुरुंगात जातो. तिथे भिकू म्हात्रेशी मारामारी होते आणि तिच्यातूनच मैत्री जुळते. भिकूला सारे आहे : बायको, मुले, टोळी, आणि मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरचे आडनाव. समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून तो शहरावर हक्क सांगतो, तेव्हा शेजारी सत्या असतो. सत्याला राहायला जागा मिळते तीही भिकूच्या शब्दावर. मैत्री हाच त्याचा शहरातला पत्ता.

आमच्याकडची मुले अशी जात नाहीत. देवगिरी एक्स्प्रेसने निघालेल्या मुलाच्या खिशात कुणातरी मावसभावाचा नंबर असतो आणि पहिली रात्र गाववाल्याच्या खोलीवर जाते. या अंगाने सत्याचे निनावीपण कृतक वाटावे. पण आमच्या खोलीतला तिसरा असाच नंबर घेऊन गेला होता. वर्षभरात त्याने चार खोल्या बदलल्या. "काय करायलास?" असे फोनवर विचारले की तो प्रमाण मराठीत उत्तर देई. मग कळले, तिकडे तो स्वतःला पुण्याचा म्हणवतो. पुढे फोनही थांबले. गाव नसणे वेगळे आणि गाव न सांगणे वेगळे. सत्याचे मौन आम्ही या दुसऱ्या अर्थाने वाचतो.

नारायण सुर्वे आठवतात. टाकून दिलेल्या त्या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घर दिले, आडनाव दिले. पुढे कामगार चळवळीने भाषा दिली. १९८२ च्या संपानंतर ते गिरणगाव विरत गेले. सत्या मुंबईत येतो तेव्हा त्याच्यासारख्याला नाव देऊ शकेल असे तिथे टोळीखेरीज फारसे उरलेले नाही. (वर्मांना हे अभिप्रेत असेल असे नाही.)

भिकू मारला जातो. मग गणपती विसर्जनाच्या गर्दीत शिरून सत्या भाऊ ठाकुरदासला संपवतो. गुलालाने माखलेल्या त्या गर्दीत तो कुणालाच परका वाटत नाही.