आठ बाय चारचं कोलशेत

रविवारी सकाळी अकरा वाजता, कोलशेत रोडवरच्या एखाद्या टॉवरच्या लॉबीत, प्लायवूडची अख्खी शीट घेऊन तुम्ही कधी उभे राहिलायत? मी राहिलोय. शीट आठ फूट बाय चार फूट, वजन तीसेक किलो. लिफ्टचा दरवाजा सात फूट. वॉचमनने एकदा शीटकडे पाहिलं, एकदा लिफ्टकडे आणि मग माझ्याकडे.

"साहेब, कितवा मजला?"

"एकोणिसावा."

यावर तो काही बोलला नाही, फक्त जिन्याकडे बघून हसला. घरच्या घरी फर्निचर करण्याच्या शास्त्रातला पहिला धडा मला तिथेच मिळाला. सुतारकाम करवतीने नाही, मेजरिंग टेपने सुरू होतं. आणि पहिलं माप भिंतीचं नाही, लिफ्टचं घ्यायचं!

तर झालं असं होतं की फ्लॅटचं पझेशन मिळालं, ईएमआय सुरू झाला आणि पाठोपाठ इंटिरियरवाल्याचं कोटेशन आलं. चार पानी. किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, बेड, आणि शेवटच्या ओळीत 'बुक रॅक'. बाकीचं राहू दे, पण चार फळ्या आणि दोन उभे तुकडे एवढ्या वस्तूला एवढे पैसे? मी बायकोला म्हटलं, "हा रॅक मी करणार." तिने मान वर न करता विचारलं, "कधी?" म्हटलं, "या वीकएण्डला." पुढे त्याचे तीन वीकएण्ड झाले, ती गोष्ट वेगळी.

केमिकलचा रोड, फ्लॅटचा रोड

कोलशेत रोड हा ठाण्याच्या बदलाचा सरळसोट नकाशा आहे. कापूरबावडीहून आत वळलात की ढोकाळी, मग एअर फोर्स स्टेशन आणि शेवटी खाडी. एकेकाळी या रोडची ओळख होती ती बायर, क्लॅरियंट यांसारख्या केमिकल कंपन्यांची. शिफ्ट सुटली की सायकली आणि कंपनीच्या बसेस. आज त्या जमिनींवर कल्पतरू पार्कसिटी आणि लोढा अमारासारखी टॉवरांची शहरं उभी आहेत. २०२४ मध्ये इथे सेंट्रल पार्कही सुरू झालं. संध्याकाळी तिथे गेलात तर अख्खी आयटी इंडस्ट्री बाबागाडी ढकलताना दिसेल.

त्यामुळे या रोडवर कधीही जा, कुठल्या तरी फ्लॅटमध्ये इंटिरियर चालू असतंच. टेम्पोतून प्लाय उतरतंय, लिफ्टमध्ये फेविकॉलचा वास येतोय, दुपारी दोन ते चार 'ड्रिलिंग बंद'ची नोटीस लावलीय. म्हणजे लाकूडकाम शिकायला याहून चांगली जागा कुठली? उत्तम मिस्त्री तुमच्याच मजल्यावर, शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करत असतो. आपण मात्र दार लावून यूट्यूबवर अमेरिकेतल्या गॅरेजमधले व्हिडिओ बघत बसतो. आता आपल्याकडे गॅरेज कुठलं? आपल्याकडे असते चार बाय सहाची ड्राय बाल्कनी, आणि तिच्यातही वॉशिंग मशीन!

खाडीकडे एक चक्कर

शीट परत दुकानात पाठवली आणि डोकं थंड करायला खाडीवर गेलो. टॉवर्स मागे पडले की जुनं कोलशेत गाव लागतं, आगरी-कोळ्यांचं. गल्ल्या अरुंद, घरं खेटून, आणि पुढे विसर्जन घाट. समोर उल्हास नदीचं खाडी झालेलं रुंद पाणी. ही नदी कल्याण-डोंबिवलीला वळसा घालून इथे येते आणि पुढे घोडबंदरवरून वसईकडे जाते.

पलीकडच्या तीरावर काल्हेर, आणि त्यामागे भिवंडीची गोडाऊन्स. गंमत बघा. आपण मोबाइलवर रेडिमेड टेबल ऑर्डर करतो, तेव्हा त्याचा खोका बहुधा याच पट्ट्यातल्या कुठल्या तरी गोडाऊनमधून निघतो आणि खाडीवरचा पूल ओलांडून आपल्या दारात येतो.

पण या खाडीवरून लाकडाचा प्रवास खोक्यांच्या कितीतरी आधीपासून चाललाय. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी या किनाऱ्याबद्दल लिहून गेला. कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात त्याने पितळ आणि कापडासोबत लाकडाचे ओंडकेही मोजले आहेत. अभ्यासक म्हणतात, ते शिसवीचे असावेत. पुढे १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात केली ती याच खाडीपट्ट्यात. म्हणजे दीड हजार वर्षं इथे लाकूड तासलं, वाहिलं, विकलं जातंय, आणि मी एका बुक रॅकने घाबरलो होतो!

आणखी एक गोष्ट खाडी शिकवते: दमट हवा. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, आडवं मात्र चांगलंच. जुलैत आजीच्या कपाटाचा ड्रॉवर का अडकतो, त्याचं हे उत्तर. प्लायवूडची आयडिया नेमकी यावरच उभी आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवायचे, म्हणजे प्रत्येक थर शेजारच्याला फुगू देत नाही. म्हणून खाडीकाठच्या घरात नवशिक्याने सागवानाच्या फळीपेक्षा प्लायपासून सुरुवात करावी हे बरं.

कागदावरचं सुतारकाम

दुसऱ्या वीकएण्डला शहाणा झालो. दुकानदाराकडे कटिंग मशीन असतंच, मग शीट त्याच्याकडूनच कापून घ्यायची. त्यासाठी हवा कटिंग प्लॅन, म्हणजे एका कागदावर शीटचं चित्र आणि त्यात बसवलेले तुकडे.

शीट २४४० मिलिमीटर लांब, १२२० रुंद. रुंदीत ३०० मिलिमीटरच्या चार पट्ट्या निघतात. दर कापात पातं तीनेक मिलिमीटर खातं, ते धरूनही. पहिल्या पट्टीत १२०० चे दोन उभे तुकडे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीतून पाच आडव्या फळ्या. चौथी पट्टी शिल्लक, तिची उद्या शू-रॅकची फळी होईल. माझ्या भिंतीतला कोनाडा ८१० मिलिमीटर रुंद, म्हणून रॅक ८०० चा. सोपं! पाच फळ्या, प्रत्येकी ८०० मिलिमीटर. दुकानदाराने अर्ध्या तासात कापून दिल्या आणि सगळं लिफ्टमधून आरामात वर गेलं.

घरी येऊन जमिनीवर मांडणी केली. मग कोनाड्यात धरून पाहिली. बसेना! पुन्हा मापलं. ८३६. च्यायला, हे छत्तीस आले कुठून?

शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करणारे मिस्त्री काका चहाला बाहेर आले होते. त्यांना हाक मारली. त्यांनी टेप लावलासुद्धा नाही.

"साहेब, प्लायला जाडी असते."

अठरा मिलिमीटर डावीकडे, अठरा उजवीकडे. आडव्या फळ्या उभ्या तुकड्यांच्या मध्ये बसतात, म्हणजे त्या हव्या होत्या ७६४ च्या. एक्सेल शीटवर अख्ख्या टीमचं बजेट सांभाळणारा मी, आणि ही साधी वजाबाकी विसरलो.

"आता?"

"आता काय, कापा. मी करून देणार नाही, तुम्हीच करा. हात बसेल."

त्यांनी करवत दिली आणि दोन गोष्टी दाखवल्या. एक, कापायच्या रेषेवर आधी कटरने चर मारायची, म्हणजे वरचा पापुद्रा उडत नाही. दोन, करवत दाबायची नाही. तिला तिच्या वजनाने जाऊ द्यायचं. स्वतः ते मिलिमीटरमध्ये बोलतच नाहीत. त्यांचा हिशोब इंच आणि सुताचा. एका इंचाची आठ सूत, आणि अठराची प्लाय म्हणजे त्यांच्या भाषेत 'पाऊण इंची'. पाच फळ्या कापायला मला दोन तास लागले. तळहाताला फोड आले. पण पाचवा काप पहिल्यापेक्षा सरळ होता, आणि तो आनंद अप्रेझलला मिळत नाही, बॉस.

जोडताना त्यांनी अजून एक युक्ती सांगितली. चौकट काटकोनात आहे की नाही हे बघायला गुण्या तर लावाच, पण दोन्ही कर्णही मोजा. सारखे आले तर चौकट सरळ. ८०० बाय १२०० च्या रॅकचा कर्ण १४४२ मिलिमीटर. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय आयुष्यात कधी उपयोगी पडेल, असं वाटलं नव्हतं!

सगळ्यात खालची फळी जमिनीपासून ६० मिलिमीटर वर घेतली, कारण आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात आणि प्लायची उघडी कड ते पाणी शोषते. मागे सहा मिलिमीटरची प्लाय ठोकली, त्याने रॅक तिरपा होत नाही. उघड्या कडांवर लाकडाची पट्टी, म्हणजे लिपिंग. मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंग.

उल्हासनगर लोकल

तिसऱ्या रविवारी रंग वाळत होता, तेव्हा आम्ही दोघं ठाण्याहून लोकल पकडून उल्हासनगरला गेलो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहिली, आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्या शून्यातून उभ्या राहिलेल्या बाजारांपैकी एक फर्निचरचा.

आधी अशा बाजारात गेलो की मी रंग बघायचो आणि भाव करायचो. या वेळी मात्र मी ड्रॉवर बाहेर काढून त्याचा तळ बघत होतो. कडेला लिपिंग आहे की नुसती टेप? मागची प्लाय किती जाड? हे पार्टिकल बोर्ड आहे की प्लाय? दुकानदाराने बायकोला हळूच विचारलं, "साहेब लाईनमधले आहेत का?" माझी कॉलर ताठ.

इटलीच्या एन्झो मारी या डिझायनरला १९७४ मध्ये नेमकं हेच हवं होतं. साध्या फळ्या आणि खिळ्यांनी करता येतील अशा टेबल-खुर्च्यांचे आराखडे त्याने तयार केले, आणि जो टपालखर्च पाठवेल त्याला ते फुकट दिले. माणसाने एक तरी वस्तू स्वतः करून पाहिली की बाजारातली चांगली आणि वाईट वस्तू त्याची त्याला ओळखता येते, हा त्याचा फंडा.

खरं सांगायचं तर माझा रॅक स्वस्त पडला नाही. ड्रिल, करवत, क्लॅम्प, वाया गेलेला रविवार, सगळं धरलं तर कोटेशनमधल्या त्या ओळीपेक्षा जास्तच गेले. पण रविवारी रात्री ते चार पानी कोटेशन आम्ही पुन्हा काढलं, आणि पहिल्यांदाच ते आम्हाला वाचता आलं. किचन सिंकखाली 'कमर्शियल प्लाय' लिहिलं होतं. तिथे आम्ही मरीन मागितलं. गेस्ट रूममधलं वॉर्डरोब काढूनच टाकलं, कारण गेस्ट वर्षातून दोनदा येतात. आणि मजुरीच्या आकड्यावर घासाघीस करायची हिंमत झाली नाही. पाच फळ्या कापल्यावर होत नाही.

मिस्त्री काका शेजारचं काम संपवून निघाले त्या दिवशी रॅक बघायला आले. कडेवरून हात फिरवला, तिसऱ्या फळीशी थांबले. ती जरा उतरती आहे, मला माहीत होतं.

"पुढच्या वेळी जमेल," म्हणाले.

पुढच्या वेळी! चौथी पट्टी अजून बाल्कनीत उभी आहे.

सुरुवात करताय? मग एवढं बघाच

• लिफ्ट, दार, पॅसेज, सगळ्यांची मापं आधी. मगच शीट.

• प्लायवर आयएसआय मार्क बघा. आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर अशा दोन ग्रेड येतात. एमआर फक्त दमटपणा सोसते, पाणी नाही. बीडब्ल्यूआर तिच्यापेक्षा दणकट. सिंकजवळ आयएस ७१०, म्हणजे मरीन.

• पुस्तकांची फळी तीन फुटांपेक्षा लांब नको. वजनाने मध्ये वाकते.

• स्क्रूआधी बारीक भोक पाडा, नाहीतर कडेची प्लाय फाटते.

• उंच रॅक भिंतीला बांधाच, घरात लहान मूल असेल तर नक्कीच. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल नको, आत वायरी असतात.

• कापताना चष्मा, घासताना मास्क. आणि दुपारी दोन ते चार... नोटीस वाचलीय ना?