बुडोंगोच्या रानातील धीवर

रंगावरून पाखराची ओळख पटते, हा समज आफ्रिकेच्या दाट अरण्यात फार वेळ टिकत नाही. तेथील अपुऱ्या उजेडात निळे ते काळे भासते आणि नारिंगी ते मातकट. युगांडातील बुडोंगोच्या महोगनीच्या रानात, ‘रॉयल माईल’ नामक रुंद वाटेवर, आम्ही उभयता तीन दिवस हिंडलो ते ड्वार्फ किंगफिशरसाठी. अवघा १० सेंटिमीटर लांबीचा हा धीवर जगातील सर्वांत लहान धीवरांत मोडतो. अडचण अशी, की त्याच रानात त्याचा भाऊबंद पिग्मी किंगफिशरही राहतो. तोही पाठीने निळा, पोटाने नारिंगी, चोचीने लाल. लांबीत फरक बोटभरही नाही. नामकरण करणाऱ्यांनी येथे कृपणताच दाखविली म्हणायची! दोन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ ठेंगू. आणि धीवर म्हणावे, तर दोघेही माशांपेक्षा किड्यांवरच अधिक जगतात.

खरी निवड डोक्यावरून करावी लागते. पिग्मीचा माथा गडद निळा, डोळ्यावर नारिंगी पट्टा, कानशिलावर जांभळट झाक. ड्वार्फचे कपाळ काळे, माथा तांबूस, आणि चोचीचे टोक कातरल्यासारखे बोथट. कोवळ्या ड्वार्फचा माथा मात्र काळसर, निळ्या ठिपक्यांचा असतो. तेथे चोचीवाचून गती नाही.

आमच्या पत्नीचे माहेर चिपळूणकडचे. पावसाळ्यातला तिबोटी खंड्या तिने ओहोळाकाठी लहानपणीच पाहिलेला. त्याहूनही लहान खंड्या पाहावा, ही तिची जुनी हौस. काचबिंदूने तिची दृष्टी आता आक्रसत चालली आहे. ही हौस पुढे ढकलण्यास वाव उरलेला नाही.

तिसऱ्या दिवशी, परतण्याच्या सुमारास, जमिनीपासून हातभर उंच काडीवर एक पाखरू येऊन बसले. पाठ आमच्याकडे, माथा काळसर.

“अहो, तोच ना?” तिने आमची बाही धरली.

दुर्बीण आमच्या हाती होती. त्या क्षणी ‘होय’ म्हटले असते, तर ते अगदीच निराधार ठरले नसते. आणि तो होकार तिने घरापर्यंत जपून आणला असता. इतक्यात पाखराने मान वळविली. चोच अणकुचीदार, कानशिलावर ती जांभळट झाक. वाटाड्याने आमच्याकडे पाहिले. नाव मात्र उच्चारले नाही.

“पिग्मी,” आम्ही म्हणालो.

ती थोडा वेळ त्याच दिशेस पाहत राहिली. मग वही आमच्यापुढे धरून म्हणाली, “तर मग तेच लिहा. आणि गाडीला अजून तासभर अवकाश आहे ना? चला.”