सुपरमार्केटच्या जागी पुन्हा मैदान! ब्युनोस आयर्समधल्या सान लोरेन्सो क्लबची गोष्ट

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स म्हटलं की आपल्याला आधी आठवतात मॅराडोना आणि बोका ज्युनियर्स. पर्यटकही बोकाचं पिवळं-निळं स्टेडियम आणि त्याच्या आसपासची रंगीबेरंगी घरं पाहतात, फोटो काढतात आणि परततात. पण फुटबॉल या शहराच्या गल्लीबोळांत किती खोल रुजलाय हे समजून घ्यायचं असेल, तर बोएदो नावाच्या मध्यमवर्गीय वस्तीत जायला हवं. तिथे पाहण्यासारखं स्टेडियम नाही. खरं तर गोष्ट त्या नसलेल्या स्टेडियमचीच आहे.

बोएदो ही टँगोची वस्ती. सान हुआन आणि बोएदो हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तो कोपरा टँगोच्या जगात फार प्रसिद्ध आहे. गीतकार ओमेरो मान्सी यांच्या नावाचं कॅफे तिथेच आहे. तिथून आवेनिदा ला प्लाता या मोठ्या रस्त्याकडे चालत निघालात, तर भिंतींवर निळा आणि लाल हे दोनच रंग पुन्हा पुन्हा दिसू लागतात. हे सान लोरेन्सोचे रंग.

या क्लबचा जन्म एका पाद्र्यामुळे झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या अल्माग्रो वस्तीतली मुलं रस्त्यावरच फुटबॉल खेळायची. एकदा खेळता खेळता एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला. ते पाहून लोरेन्सो मास्सा नावाच्या फादरांनी मुलांना चर्चचं अंगण खेळायला दिलं. अट एकच, रविवारी प्रार्थनेला यायचं! मुलांनी ती आनंदाने मान्य केली असेल असं मला वाटत नाही, पण मैदान मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? 1 एप्रिल 1908 रोजी रीतसर क्लब स्थापन झाला. मुलांना त्याला फादरांचं नाव द्यायचं होतं, पण फादरांना ते पसंत नव्हतं. शेवटी संत लोरेन्सो आणि 1813 ची सान लोरेन्सोची लढाई, या दोन्हींची आठवण म्हणून हे नाव ठरलं. पाद्र्यांच्या काळ्या झग्यावरून क्लबच्या चाहत्यांना आजही ‘कुएर्वोस’, म्हणजे कावळे म्हणतात. चाहते हे नाव अभिमानाने मिरवतात.

1915 मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि 1916 मध्ये आवेनिदा ला प्लातावर त्याचं स्वतःचं मैदान सुरू झालं. पुढे तिथे लाकडी फळ्यांच्या उंच गॅलऱ्या उभ्या राहिल्या. लांबून ते शहरातल्या गॅसच्या प्रचंड टाकीसारखं दिसायचं, म्हणून लोक त्याला ‘गासोमेत्रो’ म्हणू लागले. सुमारे 75 हजार माणसं मावतील एवढं ते मोठं होतं. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघाचे कितीतरी सामने तिथे झाले. कार्निव्हलच्या दिवसांत तिथे नाच-गाण्यांचे मोठे कार्यक्रमही व्हायचे. म्हणजे ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, अशा आज्याही गासोमेत्रोच्या आठवणी सांगू शकतात.

या काळात संघही जोरात होता. 1946 ची लीग जिंकून संघ स्पेन आणि पोर्तुगालच्या दौऱ्यावर गेला आणि तिथल्या प्रेक्षकांना त्याने थक्क केलं. पोंतोनी, फार्रो आणि मार्तिनो या पुढच्या फळीतल्या तिघांची नावं आजही एका दमात घेतली जातात. 1968 मध्ये एकही सामना न हरता संघ विजेता ठरला. 1972 मध्ये तर वर्षातल्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकल्या.

मग 1976 मध्ये लष्कराने देशाची सत्ता ताब्यात घेतली. क्लब कर्जात बुडाला होता आणि शहराचा कारभार लष्करानेच नेमलेल्या महापौरांकडे होता. मैदानाच्या जागेतून रस्ते काढायचे आहेत, घरं बांधायची आहेत, असं सांगून क्लबवर दबाव आणला गेला. 2 डिसेंबर 1979 रोजी गासोमेत्रोवर शेवटचा सामना झाला. समोर बोका ज्युनियर्स. सान लोरेन्सोला पेनल्टी मिळाली, पण बोकाचा गोलकीपर गात्तीने ती अडवली आणि सामना 0-0 असा संपला. त्या मैदानावर आपल्या संघाचा शेवटचा गोल पाहायचं भाग्यही त्या दिवशी चाहत्यांना लाभलं नाही.

जमीन स्वस्तात गेली. पुढे ती कित्येक पट किमतीला विकली गेली आणि 1985 मध्ये तिथे कारफूर या फ्रेंच कंपनीचं सुपरमार्केट सुरू झालं. ज्या रस्त्यांसाठी म्हणून मैदान घेतलं, ते रस्ते मात्र कधीच झाले नाहीत! वस्तीतल्या अनेक घरांनी त्या दुकानात पाऊल न ठेवण्याचं ठरवलं. घराजवळचं सगळ्यात मोठं दुकान टाळून दूरवरून सामान आणायचं, तेही वर्षानुवर्षं, ही काही छोटी गोष्ट नाही.

हक्काचं घर गेल्यावर संघाची घडीही विस्कटली. 1981 मध्ये सान लोरेन्सो दुसऱ्या श्रेणीत घसरला. अर्जेंटिनाच्या ‘पाच मोठ्या’ क्लबांपैकी कुणावरही तोवर ही वेळ आली नव्हती. पण पुढच्या वर्षी जे झालं, ते मला या क्लबच्या सगळ्या चषकांपेक्षा मोठं वाटतं. दुसऱ्या श्रेणीतल्या या संघाचे सामने पाहायला इतकी गर्दी लोटली की पहिल्या श्रेणीतल्या संघांनाही तिने मागे टाकलं. स्वतःचं मैदान नाही, म्हणून दर वेळी दुसऱ्या कुणाचं स्टेडियम भाड्याने घ्यायचं. चाहतेही आपले झेंडे, ढोल घेऊन संघाच्या मागोमाग तिथे हजर! त्याच वर्षी संघ पुन्हा वरच्या श्रेणीत आला.

अशी भाड्याच्या मैदानांवर 14 वर्षं गेली. अखेर डिसेंबर 1993 मध्ये बाखो फ्लोरेस भागात ‘नुएवो गासोमेत्रो’, म्हणजे नवं गासोमेत्रो, उभं राहिलं. क्लबचं नाव ‘सान लोरेन्सो दे अल्माग्रो’, जीव बोएदोत आणि मैदान फ्लोरेसमध्ये, असा तीन वस्त्यांचा हा संसार आहे.

नव्या मैदानाने यश दिलं. 21 वर्षांच्या खंडानंतर 1995 मध्ये लीगचं विजेतेपद मिळालं. 2001 मध्ये मान्युएल पेयेग्रिनी यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने सलग 13 सामने जिंकले. 2002 मध्ये कोपा सुदामेरिकाना हा चषक घरी आला. तरी एक सल होतीच. दक्षिण अमेरिकेतली सर्वोच्च क्लब स्पर्धा, कोपा लिबेर्तादोरेस, पाच मोठ्यांपैकी फक्त सान लोरेन्सोकडेच नव्हती. विरोधक क्लबच्या आद्याक्षरांचा मुद्दाम ‘लिबेर्तादोरेस नसलेला क्लब’ असा अर्थ लावून खिजवायचे.

त्यात 2013 मध्ये गंमत झाली. क्लबचे आजन्म चाहते आणि अधिकृत सभासद असलेले होर्खे बेर्गोग्लिओ पोप फ्रान्सिस झाले. त्यांचे वडील याच क्लबसाठी बास्केटबॉल खेळायचे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघाने लीग जिंकली आणि 13 ऑगस्ट 2014 रोजी लिबेर्तादोरेसही! पाराग्वेच्या नासिओनालविरुद्ध अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात ओर्तिगोसाने पेनल्टीवर एकमेव गोल केला. चषक व्हॅटिकनला नेऊन पोपना दाखवण्यात आला. पोपनी मात्र 1990 मध्येच टीव्ही न पाहण्याचा नवस केला होता. त्यामुळे सामन्यांचे निकाल त्यांना व्हॅटिकनचा एक पहारेकरी सांगायचा म्हणे.

मधल्या काळात बोएदोची लढाई थांबली नव्हती. मार्च 2012 मध्ये हजारो चाहते राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोरच्या प्लासा दे मायो चौकात जमले. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला शहराच्या विधानसभेने जमीन क्लबला परत मिळवून देणारा कायदा केला. परत म्हणजे फुकट नव्हे, पैसे मोजूनच. त्यासाठी चाहत्यांनी एक-एक चौरस मीटर आपल्या नावावर घेऊन पैसे उभे केले. कुणी आजोबांच्या आठवणीत, कुणी नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या नावाने. 2019 मध्ये जमिनीचा ताबा क्लबकडे आला.

तिथे नवं स्टेडियम बांधायचं आहे आणि त्याला पोप फ्रान्सिस यांचं नाव द्यायचं ठरलंय. ते पाहायला स्वतः पोप आता नाहीत, एप्रिल 2025 मध्ये त्यांचं निधन झालं. 1979 च्या त्या सामन्याला वडिलांचा हात धरून गेलेली मुलंही आता पन्नाशीच्या पुढे आहेत. स्टेडियम उभं राहीपर्यंत सामने बाखो फ्लोरेसलाच होतील. तुम्ही कधी ब्युनोस आयर्सला गेलात, तर सामना तिथे पाहा. पण आधी भुयारी रेल्वेच्या ‘ई’ मार्गावर बोएदो स्टेशनला उतरा आणि आवेनिदा ला प्लातापर्यंत चालत एक फेरी मारून या.