उंदीर, डाळ आणि काका

आमच्या नाशिकच्या काकांना लिव्हर कॅन्सर आहे, सोबत सिरॉसिस. कुणीतरी सांगितलं की कॅन्सर प्रोटीनवर पोसतो. तेव्हापासून दूध, अंडी, डाळ बंद. नुसती पेज, तीही पाणीदार. सात किलो वजन उतरलं. "उपाशी मारतोय रे त्याला," असं काका खुशीत सांगतात.

ह्या समजुतीचं मूळ शोधलं तर निघालं आपल्याच हैदराबादेत! १९६८ साली माधवन आणि गोपालन यांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन (शेंगदाण्यांवरच्या बुरशीचं विष) दिलं. आहारात २० टक्के प्रोटीन असलेल्यांत लिव्हर कॅन्सर झाले, ५ टक्केवाल्यांत नाहीत. पुढे कॉलिन कॅम्पबेल यांच्या 'द चायना स्टडी'ने (२००५) हे जगभर नेलं.

पण लॉजिक बघा. अफ्लाटॉक्सिनला घातक रूप देणारी एन्झाइम्स लिव्हरचीच. प्रोटीन घटलं की ती मंदावतात. म्हणजे हे विष पोटात जात असतानाचं गणित झालं, झालेल्या गाठीवरचा इलाज नव्हे. शिवाय याच दोघांनी १९६५ साली दाखवलं होतं की कमी प्रोटीनवाल्या पिल्लांच्या लिव्हरला हेच विष जास्त इजा करतं. ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

सिरॉसिसमध्ये शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं, रात्रभराचा उपासही जड जातो. म्हणून युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या २०१८ च्या गाइडलाइन्स अशा खंगलेल्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन द्यायला सांगतात, वर झोपण्यापूर्वी थोडं खाणं.

काकूला म्हटलं, फेकायचेच तर कुटातले बुरसट दाणे फेक, डाळ नको. मंगळवारी आहारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतलीय. काका अजून "बघू" म्हणतायत.