मागची सीट, रात्रीपुरती

गाडीत झोपायची सोय करायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो मागच्या सीट काढून टाकण्याचा. माझं मत नेमकं उलट आहे. सीट जागच्या जागी ठेवून जे जमेल तेवढंच करावं. आपल्याकडे घरात गाडी एकच. तीच सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीला नेते, तीच लग्नसराईत माणसं वाहते, मे महिन्यात तीच आंब्याच्या पेट्या आणते. शनिवारी रात्री बिछाना आणि सोमवारी सकाळी पुन्हा सीट, हा फेरबदल पाव तासात आणि एकट्या माणसाला करता आला पाहिजे. ही अट आधी घातली की निम्मे निर्णय आपोआप होतात.

*

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: उत्पादकाने ठरवलेला आणि आरसी बुकात नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. किती माणसं बसतात हा आकडा त्या नोंदीत असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम आणखी स्पष्ट केलं. सीट कायमची काढून तिथे पलंग ठोकला तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच विचारणार. उचलून ठेवलेल्या फळ्या मात्र सामानच धरल्या जातात.

*

आमची बोलेरो. मागे समोरासमोर दोन आडव्या सीट, वडापच्या जीपमध्ये असतात तशा. या सीटना लोक नावं ठेवतात, लांबच्या प्रवासात तिथे बसवत नाही हे खरंच आहे. झोपण्याच्या दृष्टीने मात्र ही रचना उत्तम. दोन सीटच्या मध्ये पाय ठेवायची जी मोकळी जागा, तिच्यावर आडव्या फळ्या टाकल्या की सलग पाट तयार. फळ्यांची टोकं दोन्हीकडच्या सीटवर टेकतात आणि खालचा तो खड्डा सामानाला मिळतो. मधल्या सीटची पाठ पुढे पाडली की लांबीही भरून निघते. कुठे भोक पाडावं लागत नाही, एकही बोल्ट काढावा लागत नाही.

सीट सपाट नसतात हा एक प्रश्न. त्या भिंतीकडे उतरत्या असतात, आपण पाठीला टेकून बसावं म्हणून. फळीच्या टोकाखाली लाकडाची पाचर बसवली की तो उतार मरतो. पाचर फळीलाच स्क्रूने पक्की केलेली बरी, सुटी राहिली तर हरवते.

*

सगळा हिशेब उंचीचा. आमच्या गाडीत मागच्या तळापासून छतापर्यंत 41 इंच. साडेपाच फुटी माणूस मांडी घालून ताठ बसला तर बुडापासून टाळूपर्यंत साधारण 34-35 इंच लागतात. गादी 2 इंच. म्हणजे आत नीट बसायचं असेल तर गादीखाली जेमतेम 4 इंच उरतात, त्यात चपलांशिवाय काही मावणार नाही. सामानाला 13 इंच दिले तर डोक्यावर 26 राहतात. त्यात झोपता येतं, कोपरावर रेलून वाचता येतं, बसता येत नाही.

यातलं काय सोडायचं हे मोजपट्टी हातात घेण्याआधी ठरवावं. आम्ही बसणं सोडलं. बसायला बाहेर अख्खा माळ असतो, आणि पावसात पुढच्या दोन सीट असतातच. ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे त्यांनी उलट करावं. फळ्या तळालगत घ्याव्यात आणि सामान छतावरच्या कॅरियरला द्यावं. मूल रात्री उठून बसतंच, त्याचं डोकं आपटायला नको.

*

मिस्त्रींना बोलावलं. त्यांचा हात किचनच्या ट्रॉलीवर बसलेला. गुण्या काढला, एका कोपऱ्याला लावला, दुसऱ्याला लावला, आणि म्हणाले, "ताई, हिच्यात काटकोन एक पण नाही."

खरंच नसतो. भिंती वर जाताना आत झुकतात, व्हील आर्च पोट काढून बसलेली, मागचं दार किंचित गोलाई घेतं. मापं कागदावर घेऊन प्लाय कापायला गेलं की हमखास चुकतं. त्यासाठी पुठ्ठा. फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं खोकं दुकानदार हसतमुखाने देतो. पुठ्ठा आत ठेवायचा, पेन्सिल एका लाकडी ठोकळ्याला टेकवून भिंतीच्या वळणाने फिरवायची, रेघेवर कापायचं, परत आत ठेवून बघायचं. दोन-चारदा छाटल्यावर तो असा बसतो की कडेने बोट जात नाही. मग तो प्लायवर ठेवून आखणी. मिस्त्रींनी त्याहून चारही बाजूंनी दोन सूत कमी धरायला सांगितलं. दोन सूत म्हणजे पाव इंच. गाडी चालताना अंग पिळते, फळी घट्ट बसवली तर ती रात्रंदिवस करकरत राहणार. राहिलेल्या फटीत कार्पेटची पट्टी चिकटवली. घाटात बाहेरचा आवाज येतो, फळ्यांचा येत नाही.

त्यांचा दुसरा आग्रह: एक मोठी फळी नको, तीन करा. मोठी फळी एकट्याला दारातून आत घेता येत नाही, आणि सामान काढायचं तर सगळा बिछाना गुंडाळावा लागतो. तीन असल्या की मागची एक उचलून खालचं स्टोव्हचं क्रेट काढता येतं, पुढे कुणी झोपलेलं असलं तरी. सगळ्यांत पुढच्या फळीला बिजागरी घालून तिचा पुढचा भाग उलटा दुमडायचा केला. तो उघडला की मधल्या सीटपुढची पाय ठेवायची पोकळी झाकली जाते आणि लांबी पावणेसहा फुटांवर जाते. त्या उघड्या टोकाखाली घडीचा पाय द्यावाच लागतो. खांद्यांचं वजन नेमकं तिथे येतं.

*

प्लाय 12 मिमीचा पुरतो, खाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या तर. 18 मिमी घेतला की आठ बाय चारची शीट तीस किलोच्या वर जाते, 12 मिमीची वीस-बावीसमध्ये राहते. आयएस 303 चा बीडब्ल्यूआर घ्यावा. आयएस 710 मरीन चांगलाच, पण गाडीच्या आत इतकं पाणी येत नाही. कापलेल्या कडांना मात्र वॉर्निश लावायचं सोडू नये. प्लाय फुगतो तो कडेतून.

*

गादी दोन इंचांचीच, पण रिबाँडेड फोमची. मऊ फोम पहाटेपर्यंत दबून फळी टोचायला लागते. अखंड गादी नको, फळ्यांच्या मापाचे तीन तुकडे करून वर कापडी खोळ. रेक्झिन पुसायला सोपं पण उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. गादीवाल्याकडून जाड सुती खोळ शिवून घेतली, चेन लावून, धुता येईल अशी.

*

पाच दारांच्या जिम्नीत (2023) ही सुतारकी लागत नाही. पुढच्या सीटचं हेडरेस्ट काढून पाठ पूर्ण मागे पाडली की ती मागच्या सीटला जाऊन मिळते. फटी गुंडाळलेल्या चादरींनी भरायच्या. पण डिकी सगळ्या सीट जागेवर असताना 208 लिटरची. दोघांचं सामान रात्री ठेवायचं कुठे, याचं उत्तर त्या गाडीत मिळत नाही.

*

ड्रॉवर. सगळ्यांना ड्रॉवर हवे असतात, चित्रात छान दिसतात. मी विरोधात आहे. ड्रॉवरची पेटी, तिचे चॅनेल, तिची भिंत, यातच चार-पाच इंच रुंदी आणि बरंच वजन जातं. धुळीच्या रस्त्यावर चॅनेल कचकचतात, आणि घरी आल्यावर ती पेटी ठेवायची कुठे? त्याऐवजी भाजी मंडईतले जाळीचे प्लास्टिक क्रेट. टोमॅटोचं नेहमीचं क्रेट साधारण 54 बाय 36 सेंमी आणि 29 सेंमी उंच असतं. कमी उंचीचंही मिळतं. आमच्या खड्ड्यात कमी उंचीचं बसतं. ते ओढता येतं, धुता येतं, नदीवर नेता येतं, उलटं घातलं की बसायला होतं. घरी गच्चीत त्यात मेथी लावलेली आहे.

*

सामान कसं भरावं हे आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर दिंडीच्या ट्रककडे बघून शिकावं. मुक्कामाला ट्रक आधी पोचतो. पाल आणि बांबू सगळ्यांत शेवटी चढवलेले असतात, कारण ते सगळ्यांत आधी लागतात. त्यामागे भांडी आणि शेगडी. वळकट्या सगळ्यांत आत, कारण जेवण झाल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही. पावसात, अंधारात, शेकडो माणसांचं सामान, तरी चुलीला वेळ लागत नाही.

आमच्या गाडीत तोच क्रम. मागचं दार उघडलं की पहिलं पाण्याचं कॅन, दुसरं स्टोव्ह आणि चहाचं क्रेट, त्यामागे जेवणाची भांडी, तळाशी हवा भरायचा पंप, दोर, पान्हे. टॉर्च, औषधं आणि टॉयलेट पेपर क्रेटमध्ये ठेवायचेच नाहीत. ते झोपल्या जागेवरून हाताला लागले पाहिजेत, म्हणून भिंतीवरच्या पकडायच्या मुठीला अडकवलेल्या कापडी खिशांत. दरवेळी घरी आल्यावर न उघडलेलं सामान बाजूला काढून बघते. सलग दोनदा उघडलं नाही ते तिसऱ्यांदा येत नाही.

*

क्रेट पट्ट्याने बांधायचेच. आंबेनळी घाटात समोरून एसटी आली आणि कचकन ब्रेक दाबला तर वीस लिटरचं कॅन मागून माणसावर येतं. रॅचेट पट्टा सीटच्या पायाला अडकवावा, प्लास्टिकच्या खुंटीला नाही. जड ते खाली आणि मागच्या अॅक्सलच्या जवळ. छतावर फक्त हलकं.

*

हवा. याबद्दल जितक्या वेळा लिहावं तितकं कमी.

एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये. कधीच नाही, अर्धा तासही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गुंगी येते ती झोपच वाटते. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरचा धूर आत शिरला होता. चांगली, सोयींनी भरलेली गाडी होती ती. सायलेन्सरचं तोंड चिखलात किंवा गवतात अडकलं तर धूर तळाशी साचून वर चढतो. गाडीत शेगडी, कोळसे, मेणबत्ती, काही नको.

दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात तेव्हा सकाळी काचा आतून ओल्या होतात. म्हणून समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं खाली. एकच उघडली तर वारा वाहत नाही. वर पावसाळी व्हायझर असेल तर श्रावणातही हे जमतं.

*

मच्छरदाणीचं कापड मीटरवर मिळतं. शिंप्याकडून त्याच्या पिशव्या शिवून घ्याव्यात, उशीच्या अभ्र्यासारख्या, तोंडाला इलॅस्टिक. दार उघडून वरून चौकटीवर चढवायच्या, दार लावायचं, काच हवी तेवढी खाली. चुंबक नको, चिकटपट्टी नको. कोकणात मे महिन्यात या पिशव्या आणि 12 व्होल्टचा छोटा पंखा नसेल तर झोप विसरावी. पंखा गाडीच्या मूळ बॅटरीवर लावू नये, वेगळी पॉवर बँक ठेवावी. सकाळी गाडी चालू व्हायला हवी.

*

स्टोव्हचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर फळ्यांखालच्या खड्ड्यातच साचणार, आणि तो खड्डा आपण झाकलेला. म्हणून सिलिंडर आत झोपत नाही. रात्री मागच्या चाकाशी, बाहेर.

*

गाडी सपाट उभी आहे का हे डोळ्यांना कळत नाही, डोक्याला पहाटे कळतं. पाणसळ नसेल तर अर्धी भरलेली बाटली फळीवर आडवी ठेवावी. उतार राहणारच असेल तर डोकं चढाकडे.

*

जागा. पावसाळ्यात डोंगराच्या कुशीतली जागा कितीही सुंदर असो, नको. माळीण जुलै 2014, तळीये जुलै 2021, इर्शाळवाडी जुलै 2023: तिन्हीकडे दरड कोसळली. ती तर पिढ्यान्‌पिढ्या वसलेली गावं होती. ओढ्याच्या पात्रात नको, धरणाच्या खालच्या अंगाला नको, समुद्राच्या वाळूवर तर गाडी न्यायचीच नाही. भंडारदऱ्याला मे अखेरीस काजवे बघायला जाणाऱ्यांनी आतला दिवासुद्धा मालवावा. काजवे एकमेकांना शोधतात ते प्रकाशाच्या खुणेने, आपल्या उजेडात ती खूण बुडते. तो सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, मुक्कामाचे नियम वनखात्याला विचारूनच.

गावाजवळ थांबायचं तर उजेड असताना पोचावं आणि विचारावं. "दादा, रात्रीपुरती गाडी इथं लावली तर चालेल का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा देवळापुढची किंवा खळ्यातली जागा मिळते, पाणी मिळतं, कुत्रं कुणाचं आहे हेही कळतं. न विचारता अंधारात उभी राहिलेली परकी गाडी गावाला रात्रभर जागी ठेवते. कचरा आपल्याबरोबर परत. ओला कचरासुद्धा. पुरला तरी रानडुकरं उकरतात.

*

झोपण्याआधी दोन गोष्टी बघते. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक काढलेलं आहे ना. बऱ्याच गाड्यांचं डिकीचं दार आतून उघडत नाही, तेव्हा बाहेर पडायला बाजूचं दारच उरतं.

आणि चालकाची सीट. लांबी वाढवायला पुढची सीट सरकवायची असेल तर डावीकडची सरकवावी, उंच माणसाने तिच्या मागे झोपावं. उजवीकडची चालवायच्या मापातच ठेवावी, तिच्यावर सामान नको, किल्ली तिच्या बाजूच्या खिशात. ओढ्याचं पाणी वाढलं, कुणाच्या पोटात दुखायला लागलं, जागाच बरी वाटेनाशी झाली, तर बिछाना न आवरता फळ्यांवरून सरकत पुढे येऊन गाडी काढता आली पाहिजे. ते अंधारात एकदा घरासमोरच करून बघावं.