भुलाबाईचा डबा

खापा गावातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे महाशय भेटतील. पितळी असोत वा स्टीलचे, झाकण घट्ट पाहिजे. एरवी हळद-तिखटाच्या मागे गपगार उभे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीचे भुलोजी-भुलाबाई घरात बसले की यांचा भाव वधारतो, तो थेट कोजागिरीपर्यंत.

दिवेलागणीला टिपऱ्या घेऊन पोरी येतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती; तिला गाणी ऐकायला वेळच वेळ. डब्याला मात्र धीर नसतो. सगळी मैफल आपल्यासाठीच भरली आहे, अशी त्याची पक्की समजूत. पोरींच्या तोंडाकडे पाहिलं तर ती अगदीच चूक म्हणवत नाही.

गाणी संपली की डब्यातला खाऊ ओळखायचा गलका. "काकू, वाजवा नं!" "गोड का तिखट?" "ओला का सुका?" काकू डबा कानाशी नेऊन हलवते आणि त्याचा स्वभाव बाहेर पडतो. पोटात फुटाणे असले तर हा पहिल्या झटक्यात सगळं ओकून मोकळा. शिंगाडे असले की उगाच दणदणाट. शिरा असला तर मौनव्रत. सांबारवडी मात्र त्याला झेपत नाही. झाकणाच्या फटीतून वासच चुगली करतो.

त्याचं खरं लाडकं सफरचंद. गाव संत्र्यांच्या पट्ट्यातलं, पण याला कौतुक काश्मीरहून ट्रकनं आलेल्या पाहुण्याचं. अख्खं ठेवलं की आतून नुसतं 'धप्प'. "बटाटा!" "नारळ!" एक वैतागून म्हणते, "धोंडा!" तिकडे आयर्लंड-स्कॉटलंडात ३१ ऑक्टोबरच्या रात्री पाण्यात तरंगती सफरचंदं हात न लावता दातांनी पकडतात. डब्याला हे ऐकवलं तर तो नाक मुरडेल : फळ डोळ्यांसमोर दिसतंय, मग त्यात मजा काय?

फोडी करून ठेवल्या तर मात्र गाणी लांबता कामा नयेत. त्या काळ्या पडतात आणि काकूचा चेहराही. शिवाय सफरचंदं दोन आणि पोरी वीस. सुरी अशी चालते की फोडीतून पलीकडची भुलाबाई दिसावी.

"हरलो म्हणा!" हे डब्याचं आवडतं वाक्य. शेजारच्या डब्याचा खाऊ चटकन ओळखला गेला, की स्वारी खूश.

घाबरतो तो एकाच व्यक्तीला. घरातलं शेंडेफळ. दुपारी सफरचंद चिरताना ओट्याशी उभं राहून त्यानं सालं खाल्लेली असतात, आणि पहिलं गाणं सुरू व्हायच्या आतच ते मैत्रिणीच्या कानाला लागलेलं असतं.