आरशावरची टिकली

एडिसन, न्यू जर्सी
24 ऑगस्ट 2025

चि. सई,


तुझा निरोप दोनदा ऐकला. डब्लिनच्या ट्राममध्ये त्या दोन पोरांनी तुझी सॅक ओढली, ‘आपल्या देशात चालती हो’ म्हणून ओरडली, आणि बाकीचे सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. एक म्हातारी तेवढी उठून तुझ्याशेजारी येऊन बसली. तू विचारलंस, ‘आत्या, पंजाबी ड्रेस घालून बाहेर पडणं बंद करू का?’ फोनवर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहिते आहे.

1987 साली मी तुझ्याच वयाची होते. आम्ही जर्सी सिटीत राहत होतो. त्या उन्हाळ्यात तिथल्या वर्तमानपत्रात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणाऱ्यांनी स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवलं होतं. डॉट म्हणजे आपल्या कपाळावरची टिकली. भारतीयांना शहरातून हुसकावून लावू, टेलिफोन डिरेक्टरीत आडनावं पाहून घरं शोधू, असा त्याचा मजकूर होता. तुझ्या काकांनी दुसऱ्याच दिवशी डिरेक्टरीतून आमचं नाव काढून टाकायला सांगितलं. आणि मी टिकली काढली. घरातून निघताना ती बाथरूमच्या आरशाला चिकटवायची आणि परत आल्यावर पुन्हा कपाळावर. काही महिन्यांत आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग लागली. रोज सकाळी दात घासताना ती रांग दिसायची आणि आपण काय करतो आहोत ते कळायचं.

सप्टेंबरच्या अखेरीस शेजारच्या होबोकनमध्ये नवरोझ मोदींना पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं, की काही दिवसांत ते गेले. तीस वर्षांचे होते, बँकेत मॅनेजर होते. बरोबरच्या गोऱ्या मित्राला कोणी हातही लावला नाही. मोदी पारशी होते गं. त्यांच्या कपाळावर टिकली असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच सुमारास जर्सी सिटीत कौशल सारन नावाच्या डॉक्टरांना बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. त्या दिवसांत मला कळलं, की मी आरशाला टिकली लावून स्वतःला वाचवत नव्हते. मारणारा टिकली पाहून ठरवत नाही. त्याचं आधीच ठरलेलं असतं. टिकली हे नुसतं निमित्त.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ड्रेस बदलू नकोस. अवेळी निर्मनुष्य रस्त्याने एकटी जाऊ नकोस, तिथल्या भारतीय दूतावासानेही 1 ऑगस्टला तेच बजावलं आहे. ती सावधगिरी. पण आपलं असणंच लपवणं वेगळं.

दुसरं, घडलं ते गार्डांना, म्हणजे तिथल्या पोलिसांना, सांग. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला’ असं मनात आणू नकोस. पोरं काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांग, शिवीसुद्धा गाळू नकोस. मोदींच्या खटल्यात मुलांना मारहाणीबद्दल शिक्षा झाल्या, पण खुनासाठी कोणी दोषी ठरलं नाही आणि द्वेषाचा गुन्हा म्हणून तो चाललाच नाही. त्यानंतर लोक गप्प बसले नाहीत. मोर्चे निघाले, कोलंबिया विद्यापीठातल्या भारतीय मुलांनी संघटना काढली, आणि 1990 साली न्यू जर्सीत द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला वाढीव शिक्षा देणारा कायदा झाला. तुमच्याकडे तसा कायदा गेल्या डिसेंबरअखेर लागू झाला आहे. पण नोंदच नसेल तर कायदा कशाला लावायचा? आयरिश नेटवर्क अगेन्स्ट रेसिझम ही संस्थाही अशा घटनांची नोंद ठेवते. तिलाही कळव.

आता जरा कडू बोलते. निरोपात तू म्हणालीस, ‘आम्ही टॅक्स भरतो, इथली हॉस्पिटलं आमच्या नर्सेसवर चालतात, आम्ही काही आश्रय मागायला आलेलो नाही.’ पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. पण तिसरं वाक्य पुन्हा बोलू नकोस. नोव्हेंबर 2023 मध्ये डब्लिन पेटलं, तेव्हा तू मला सांगितलं होतंस की हा राग आश्रितांवर आहे, आपल्यावर नाही. त्या दिवशी शाळेबाहेर मुलांवर चाकू चालवणाऱ्याला ब्राझीलहून आलेल्या एका डिलिव्हरीवाल्याने आपल्या हेल्मेटने रोखलं होतं. तरी संध्याकाळी परक्यांच्या नावाने बस आणि ट्राम जळल्याच. उपयोगी पडून जे संरक्षण मिळतं, ते उपयोग संपला की जातं. आपण ‘चांगले’ आणि ते ‘वाईट’ अशी रेघ आपणच ओढली, तर ती रेघ उद्या कुठे सरकवायची हे दुसराच कोणीतरी ठरवतो. या जुलैत डब्लिनच्या टाला उपनगरात आपल्या एका भारतीय माणसाला रस्त्यावर रक्तबंबाळ केलं, तेव्हा ती सरकलेली होती.

आणि ज्यांचा राग आहे, त्यांचं सगळंच खोटं आहे असंही समजू नकोस. डब्लिनमध्ये घरं मिळत नाहीत, पगाराचा मोठा वाटा भाड्यात जातो, हे तूच मला सांगतेस. राग खरा आहे, पत्ता चुकला आहे. घरं बांधली नाहीत ती काही ट्राममध्ये सॅक घेऊन बसलेल्या मुलीने नव्हे. दुष्काळात ज्यांचे दहा लाखांहून अधिक लोक बोटीत बसून देश सोडून गेले आणि इथे अमेरिकेत ‘आयरिश नकोत’ अशा जाहिराती ज्यांनी वाचल्या, त्या देशात ही गोष्ट समजणारी माणसं भरपूर आहेत. टालाच्या त्या माणसापाशी धावलेली, मदत येईपर्यंत थांबलेली आणि मग पाहिलं ते उघडपणे सांगणारी बाई तिथलीच होती. काही दिवसांत तिथे शेकडो लोक मोर्चाला आले.

हे सगळं तुला सांगण्याचा अधिकार मला पूर्ण नाही. कारण ऐक. ऑक्टोबर 2008 मध्ये दिवाळीसाठी मी डोंबिवलीला आले होते. रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबईत मारलं, ते त्याच दिवसांत. आपल्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला टपरी बंद करून गायब झाला. मी करंजीला मुरड घालत होते. घरात कोणीतरी म्हणालं, ‘बरी अद्दल घडली भय्यांना.’ मी मान वर केली नाही. आरशावरच्या टिकल्या विसरले नव्हते, तरी गप्प बसले. आठ दिवसांनी तो आला आणि आपले कपडे मोजून, घडी करून देऊन गेला. एक रुमालसुद्धा कमी नव्हता. मी पैसे दिले, पण एक शब्द बोलले नाही. ट्राममध्ये मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली ती माणसं म्हणजे त्या दिवशीची मी.

म्हणून तुझ्याकडून एकच मागते. ती म्हातारी उठून तुझ्याशेजारी येऊन बसली, तेवढं तू दुसऱ्या कोणासाठी कर. तो नायजेरियाचा असेल, सीरियाचा असेल, आपल्याच डोंबिवलीत बिहारचा असेल. त्याचे कागद कसले आहेत, तो काय काम करतो, हे आधी विचारू नकोस. आधी शेजारी जाऊन बस.

बुधवारी गणपती. तुमचा भारत दिनाचा कार्यक्रम पुढे ढकलला, हे वाचून वाईट वाटलं. पण घरचा गणपती लपवू नका. आरतीला समोरच्या आयरिश शेजाऱ्यांना बोलाव, मोदक दे. आणि उद्याच गार्डांकडे जा, मैत्रिणीला बरोबर घेऊन.

तुझी,
आत्या